लिनक्सवर अडकलेली प्रोसेस थांबवताना: किल, पीकिल आणि बाकीची हत्यारं

सर्व्हरवर काहीतरी अडकलं की हात आपोआप 'किल -९' कडे जातो. दहापैकी नऊ वेळा कामही भागतं, म्हणून सवय लागते. दहाव्या वेळी समोर डेटाबेस असतो, आणि मग रिकव्हरी कधी संपते याची वाट बघत बसावं लागतं. किल या कमांडचं नाव फसवं आहे. ती प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, फक्त एक सिग्नल (ठरावीक निरोप) पाठवते. कोणता पाठवायचा, कोणाला, आणि पाठवूनही काही झालं नाही तर कुठे बघायचं, एवढंच खरं काम आहे.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि रोमन अंकांनी टाइप करायच्या: किल म्हणजे के-आय-एल-एल, पीएस म्हणजे पी-एस, पीग्रेप म्हणजे पी-जी-आर-ई-पी. सिग्नलची नावं तेवढी कॅपिटलमध्ये. उदाहरणातला ४३१२ हा प्रोसेस क्रमांक, म्हणजे पीआयडी, काल्पनिक आहे.

आधी माणूस ओळखा

बहुतेक जण 'पीएस -ईएफ' चं आउटपुट पाइप करून ग्रेपला (ओळींत शब्द शोधणाऱ्या कमांडला) देतात. यात ग्रेप स्वतःही यादीत दिसतो, कारण त्याच्या कमांड लाइनमध्ये तोच शब्द असतो. घाईत त्याचाच पीआयडी उचलला जातो आणि 'नो सच प्रोसेस' असं उत्तर येतं. त्यापेक्षा हे सोपं:

पीग्रेप -ए नोड

पीग्रेप स्वतःला वगळतो, आणि -ए मुळे पीआयडीसोबत पूर्ण कमांड लाइन दिसते. फक्त स्वतःच्या प्रोसेस हव्या असतील तर -यू आणि यूजरचं नाव. सर्वांत नवीन हवी तर -एन, सर्वांत जुनी हवी तर -ओ. शब्द तंतोतंत जुळायला हवा असेल तर -एक्स, नाहीतर 'जावा' शोधताना 'जावासी' पण हाताला लागतो.

पीग्रेप दोन ठिकाणी हमखास चकवतो. पहिलं म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, प्रोसेसचं नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं ठेवतो. 'ग्नोम-टर्मिनल-सर्व्हर' हे नाव रोमनमध्ये २१ अक्षरांचं आहे, म्हणून कर्नलकडे ते 'ग्नोम-टर्मिनल-' इथे कापलेलं असतं. पूर्ण नाव देऊन शोधलं तर काहीच सापडत नाही. दुसरं, 'पायथन३ बॅकअप.पीवाय' असं चालवलेल्या स्क्रिप्टचं नाव कर्नलच्या लेखी 'पायथन३' असतं; बॅकअप.पीवाय हा केवळ त्याला दिलेला आर्ग्युमेंट. दोन्हीवर उपाय एकच, -एफ. मग शोध पूर्ण कमांड लाइनवर होतो:

पीग्रेप -एएफ बॅकअप.पीवाय

इथे मात्र जाळं मोठं पडतं. कोणी शेजारच्या टर्मिनलवर तीच फाइल विम या एडिटरमध्ये उघडून बसला असेल तर त्याचं विमही यादीत येईल. म्हणून पीकिल (पीग्रेपसारखंच शोधून थेट सिग्नल पाठवणारी कमांड) वापरण्याआधी तोच पॅटर्न पीग्रेपला देऊन यादी डोळ्यांखालून घालायची. यादी पटली की वरचा बाण दाबायचा, पीग्रेपच्या जागी पीकिल लिहायचं आणि -एएफ मधला ए काढायचा. हे दहा सेकंदांचं काम टाळून केलेल्या घोटाळ्यांची मोजदाद नाही.

जाता जाता: पीकिलमध्ये -व्ही म्हणजे 'सविस्तर सांग' असं समजू नका. पीग्रेपमध्ये -व्ही चा अर्थ 'हे सोडून बाकी सगळे' असा आहे. लिनक्सच्या पीकिलमध्ये ते छोटं अक्षर मुद्दाम बंद ठेवलंय, यावरून काय ते समजा. नावावरून प्रोसेस मारणाऱ्या किलऑलमध्ये मात्र -व्ही म्हणजे खरोखरच सविस्तर. आणि किलऑल सोलारिसवर चालवू नका. तिथे तो नाव बघत नाही, चालू असलेल्या सगळ्या प्रोसेस मारतो.

कोणता सिग्नल

काही न सांगता 'किल ४३१२' म्हटलं की टर्म जातो, क्रमांक १५. हा सभ्य निरोप आहे. प्रोग्रामला तो पकडता येतो, हातातलं काम आवरता येतं, फाइल बंद करता येते, लॉक काढता येतो. कंट्रोल-सी दाबल्यावर इंट जातो, क्रमांक २. टर्मिनल बंद झालं की हप, क्रमांक १. कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबलं की क्विट, क्रमांक ३; त्याने जमल्यास कोअर फाइलही (प्रोसेसच्या मेमरीची प्रत) पडते. अपवाद जावाचा: 'किल -क्विट' पाठवलं तर जावा मरत नाही, सगळ्या थ्रेडची अवस्था छापून पुढे चालू राहतो. अडकलेला जावा सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी हे एकदा तरी करून ठेवावं, नाहीतर का अडकला होता ते कधीच कळणार नाही.

किल नावाचा सिग्नल, क्रमांक ९, प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. कर्नल परस्पर प्रोसेस उडवतो. पकडणं, अडवणं, दुर्लक्ष करणं, काहीही शक्य नाही. मेमरी, उघड्या फाइल आणि सॉकेट कर्नल स्वतः मोकळे करतो, त्याची काळजी नको. मागे राहतात त्या गोष्टी कर्नलला माहीत नसतात: लॉक फाइल, पीआयडी फाइल, टेम्प डिरेक्टरीतला कचरा, अर्धवट लिहिलेली डेटा फाइल आणि अनाथ झालेली पोरं, म्हणजे त्या प्रोसेसने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोसेस. 'एनपीएम रन डेव्ह' ला -९ मारल्यावरही पोर्ट ३००० अडकलेलाच दिसतो तो या पोरांमुळे. बाप गेला, पण त्याने सुरू केलेला नोड जिवंत आहे आणि पोर्ट त्याच्याच हातात आहे.

क्रमांकांपेक्षा नावं वापरा. १, २, ३, ९ आणि १५ सगळीकडे सारखे आहेत, पण पुढे घोळ आहे. नेहमीच्या पीसीवरच्या लिनक्सवर स्टॉप (थांबवणारा) १९ आणि कंट (पुन्हा चालू करणारा) १८; मॅकवर स्टॉप १७ आणि कंट १९. म्हणजे लिनक्सच्या सवयीने मॅकवर 'किल -१९' दिलं तर प्रोसेस थांबण्याऐवजी थांबलेली चालू होते. पूर्ण यादीसाठी 'किल -एल'.

'हप म्हणजे कॉन्फिग पुन्हा वाच' हा निव्वळ रिवाज आहे. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर तो पाळतो: नवी कॉन्फिग वाचतो, नवे वर्कर सुरू करतो, जुने वर्कर हातातल्या रिक्वेस्ट संपवून जातात. कॉन्फिगमध्ये चूक असेल तर जुनीच चालू ठेवतो. तरी आधी 'एनजिनएक्स -टी' करून घेतलेलं बरं. पण ज्या प्रोग्रामने हपसाठी काहीच लिहिलेलं नाही तो हप मिळताच मरतो. यूएसआर१ या सिग्नलचंही तसंच. लिनक्सवर चालू डीडीला (डिस्क कॉपी करणाऱ्या कमांडला) यूएसआर१ पाठवलं की किती कॉपी झालं ते छापतो. मॅकवरचा मूळ डीडी त्याच सिग्नलने संपतो, अर्धी कॉपी झालेली पेनड्राइव्ह हातात ठेवून. तिथे कंट्रोल-टी दाबायचं.

टर्म, मग दम धरा

किल ४३१२
टाइमआउट १० टेल --पीआयडी=४३१२ -एफ /डेव्ह/नल

दुसरी ओळ ४३१२ संपेपर्यंत, पण जास्तीत जास्त १० सेकंद वाट बघते. प्रोसेस आधीच गेली तर एक्झिट कोड ० येतो. वेळ संपली तर १२४. स्क्रिप्टमध्ये 'स्लीप १०' लिहून आंधळेपणाने थांबण्यापेक्षा हे बरं. नुसतं जिवंत आहे का बघायचं असेल तर 'किल -०': यात कोणताही सिग्नल जात नाही, फक्त प्रोसेस आहे का आणि तुम्हाला परवानगी आहे का हे तपासलं जातं. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर प्रोसेस आहे, पण दुसऱ्याची. झोंबी (मेलेल्या पण यादीत उरलेल्या) प्रोसेसलाही 'किल -०' होकारच देतो, हे लक्षात असू द्या.

किती थांबायचं? लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणारा सिस्टिमडी टर्म पाठवून डिफॉल्ट ९० सेकंद थांबतो आणि मग ९ वापरतो. कंटेनर चालवणारा डॉकर १० सेकंद थांबतो. साध्या स्क्रिप्टला १० पुरे. बफरमधला डेटा डिस्कवर लिहीत असलेल्या डेटाबेसला दोन-चार मिनिटं द्यायलाही हरकत नाही.

टर्मला दाद मिळत नसेल तर अंदाज बांधत बसू नका, कर्नललाच विचारा:

ग्रेप सिग /प्रॉक/४३१२/स्टेटस

'सिग' मधला एस तेवढा कॅपिटल. यात सिगबीएलके म्हणजे अडवून ठेवलेले, सिगआयजीएन म्हणजे दुर्लक्षित, सिगसीजीटी म्हणजे पकडलेले सिग्नल. समोर १६ अंकी हेक्स आकडा असतो. उजवीकडून पहिला बिट सिग्नल १ चा, दुसरा २ चा, पंधरावा १५ चा. म्हणजे हप १, इंट २ आणि टर्म ४००० असं वजन धरायचं. सिगसीजीटीच्या शेवटी ४००२ दिसलं तर प्रोग्राम इंट आणि टर्म दोन्ही पकडतो. हप पकडत नाही. सिगआयजीएनमध्ये शेवटचा अंक १ असेल तर प्रोसेस बहुधा नोहपखाली (टर्मिनल बंद झालं तरी चालू ठेवणाऱ्या कमांडखाली) चालू आहे. आणि ४००० सिगआयजीएनमध्येच असेल तर टर्म कितीही पाठवा, पालथ्या घड्यावर पाणी. इंटरॲक्टिव्ह बॅश असाच टर्मकडे दुर्लक्ष करतो. अडकलेलं लॉगिन सेशन घालवायला त्याला हप पाठवावा लागतो.

-९ लाही दाद न देणारे

आधी अवस्था बघा:

पीएस -ओ पीआयडी,पीपीआयडी,पीजीआयडी,स्टॅट,डब्ल्यूचॅन,आर्ग्ज -पी ४३१२

स्टॅटच्या रकान्यातलं पहिलं अक्षर सगळं सांगतं. डी असेल तर प्रोसेस कर्नलच्या आत डिस्क किंवा नेटवर्क फाइल सिस्टिमच्या उत्तराची वाट बघतेय, आणि ते येईपर्यंत ९ सुद्धा खोळंबतो. नेहमीची कारणं: बिघडत चाललेली डिस्क, बंद पडलेला एनएफएस (नेटवर्कवरच्या फाइल देणारा) सर्व्हर, ओढून काढलेली यूएसबी. डब्ल्यूचॅनमध्ये कर्नलचं कोणतं फंक्शन अडलंय ते दिसतं. इथे सिग्नल पाठवत राहण्यात अर्थ नाही. डिस्क किंवा सर्व्हर ठीक करा, प्रोसेस आपोआप सुटेल.

झेड म्हणजे झोंबी. ती मेलेलीच आहे, मेलेल्याला काय मारणार. फक्त बापाने तिचा एक्झिट कोड वाचलेला नाही म्हणून टेबलात ओळ उरलीय. पीपीआयडीवरून बाप शोधा, त्याला एकदा 'किल -सीएचएलडी' पाठवून बघा. नाहीच ऐकलं तर बापालाच रीस्टार्ट करा. तो गेला की झोंबी पीआयडी १ कडे दत्तक जातात आणि साफ होतात. दोन-चार झोंबींनी काही बिघडत नाही. शेकड्यांनी वाढत असतील तर बापाच्या कोडमध्ये बग आहे.

टी म्हणजे थांबवलेली. कंट्रोल-झेड दाबून प्रोग्राम बंद झाला असं समजणारे ही अवस्था मागे ठेवून जातात. थांबलेल्या प्रोसेसला पाठवलेला टर्म रांगेत पडून राहतो. 'किल -कंट ४३१२' दिलं की ती जागी होते आणि लगेच टर्म घेऊन संपते. ९ ला ही वाट बघावी लागत नाही.

आणि एक प्रकार असा की प्रोसेस मरते, पण दोन सेकंदांत नव्या पीआयडीने हजर. कोणीतरी तिला पुन्हा उठवतंय. 'सिस्टिमसीटीएल स्टेटस ४३१२' असं सरळ पीआयडी देऊन विचारता येतं. ती कोणत्या युनिटची, म्हणजे सिस्टिमडीच्या कोणत्या सर्व्हिसची, आहे ते कळतं. मग किल विसरा, 'सिस्टिमसीटीएल स्टॉप' आणि युनिटचं नाव. सर्व्हिसला फक्त एखादा सिग्नल द्यायचा असेल तर 'सिस्टिमसीटीएल किल -एस हप' आणि नाव.

कंटेनरमध्ये वेगळाच पेच. तिथला मुख्य प्रोग्राम पीआयडी १ असतो, आणि पीआयडी १ ने स्वतः टर्म पकडायची व्यवस्था केली नसेल तर टर्मचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. प्रत्येक 'डॉकर स्टॉप' ला बरोबर १० सेकंद लागत असतील तर हेच चाललंय असं समजा. बरेचदा पीआयडी १ वर शेल बसलेलं असतं आणि ते टर्म पुढे पोचवत नाही. सुरुवातीच्या स्क्रिप्टची शेवटची कमांड 'एक्झेक' लावून चालवा, म्हणजे शेलची जागा खरा प्रोग्राम घेईल. किंवा 'डॉकर रन' ला --इनिट द्या.

पोर्ट अडवून बसलेली

'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' आलं की पोर्ट कोणाकडे आहे ते बघा:

सुडो एसएस -एलटीएनपी

सुडो नसेल तर दुसऱ्या यूजरच्या प्रोसेसचं नाव कळत नाही. बरेच लोक एलएसओएफ -टी -आय:८०८० चं आउटपुट थेट किलला जोडतात. हा मोठा खड्डा आहे: एलएसओएफ त्या पोर्टवर ऐकणारेच नाही, तर त्याला जोडलेले क्लायंटही दाखवतो. ८०८० वर तुमचा ब्राउझर उघडा असेल तर सर्व्हरसोबत ब्राउझरही गेला, सगळ्या टॅबसकट. ऐकणाराच हवा म्हणून शेवटी हे जोडा, छोट्या एसनंतर जागा न सोडता, पुढचं सगळं कॅपिटल:

एलएसओएफ -टी -आय:८०८० -एसटीसीपी:लिसन

फ्यूजर -के ८०८०/टीसीपी हे छोटं आहे खरं, पण फ्यूजर न सांगता थेट ९ वापरतो. मध्ये -टर्म लिहा. आणि 'फ्यूजर -केएम' कोणत्याही माउंट पॉइंटवर चालवण्याआधी तिथे खरंच काही माउंट आहे याची खात्री करा. माउंट नसेल तर ती जागा रूट फाइल सिस्टिमचीच ठरते आणि त्यावरच्या सगळ्या प्रोसेस ओढल्या जातात. यासाठीच कॅपिटल एमचा पर्याय आहे: दिलेली जागा माउंट पॉइंट नसेल तर तो फ्यूजरला तिथेच रोखतो.

पोरंबाळं एकदम

कंट्रोल-सी ने स्क्रिप्ट आणि तिने सुरू केलेलं सगळं थांबतं, पण दुसऱ्या टर्मिनलवरून त्याच स्क्रिप्टला किल दिलं तर आतला आरसिंक (फाइल कॉपी करणारा प्रोग्राम) चालूच राहतो. कारण कंट्रोल-सी समोरच्या पूर्ण ग्रुपला जातो, किल एकाच पीआयडीला. ग्रुपला पाठवायचं तर वरच्या पीएसमधला पीजीआयडी घ्या आणि त्याच्या आधी उणे चिन्ह लावा:

किल -टर्म -- -४३००

मधले दोन डॅश विसरू नका. आणि इथे आकडा चुकून -१ झाला तर त्याचा अर्थ 'ज्यांना पाठवता येतो त्या सगळ्यांना'. रूट असताना 'किल -९ -१' म्हणजे पीआयडी १ सोडून मशीनवरचं सगळं संपलं, तुमच्या एसएसएचसकट. 'किल %१' (शेलचं पहिलं जॉब) लिहिताना टक्का राहून गेला तरी सिग्नल पीआयडी १ लाच जातो. साध्या यूजरला परवानगी नाकारली जाते. रूट असाल तर सिस्टिमडी टर्म मिळाल्यावर स्वतःला पुन्हा सुरू करतो आणि यंत्र चालू राहतं. नशीब.

पोस्टग्रेस

पोस्टग्रेस या डेटाबेसला ९ अजिबात नको. एका क्लायंटच्या बॅकएंड प्रोसेसला ९ मारलं तरी शेअर्ड मेमरी बिघडली असेल असं धरून मुख्य प्रोसेस बाकीची सगळी कनेक्शन तोडते आणि रिकव्हरी सुरू करते. एका अडकलेल्या क्वेरीपायी सगळ्यांचं काम जातं. बॅकएंडला इंट पाठवला तर फक्त चालू क्वेरी रद्द होते, टर्म पाठवला तर ते कनेक्शन बंद होतं. हेच एसक्यूएलमधून पीजी_कॅन्सल_बॅकएंड आणि पीजी_टर्मिनेट_बॅकएंड करतात. शक्यतो तेच वापरा. मुख्य प्रोसेसला तेच सिग्नल दिले तर अर्थ बदलतो: टर्म म्हणजे सगळे क्लायंट स्वतःहून जाईपर्यंत थांब, इंट म्हणजे व्यवहार मागे घेऊन लगेच बंद हो, क्विट म्हणजे जसं आहे तसं सोड आणि पुढच्या वेळी रिकव्हरी कर.

न मारता भागत असेल तर

दिवसाढवळ्या सुरू झालेला बॅकअप मशीन दमवत असेल तर 'रीनाइस -एन १५ -पी ४३१२'. नाइसचा आकडा -२० ते १९. जितका मोठा तितकी प्रोसेस नमती. साध्या यूजरला वाढवता येतो, पुन्हा कमी करता येत नाही, म्हणून पहिल्याच झटक्यात १९ नको. डिस्कवरचा भार हलका करायला 'आयोनाइस -सी ३ -पी ४३१२'. पूर्ण विराम हवा तर 'किल -स्टॉप', संध्याकाळी 'किल -कंट'. पण प्रोसेसचं नेटवर्क कनेक्शन उघडं असेल तर पलीकडचा सर्व्हर तोवर थांबेलच असं नाही.

अडकण्याची खोड माहीत असलेल्या कामाला सुरुवातीलाच वेसण घाला:

टाइमआउट -के ३० २एच ./रिपोर्ट.एसएच

दोन तासांनी टर्म, त्यानंतर ३० सेकंदांनी ९. एक्झिट कोड १२४ आला तर वेळ संपून टर्मने काम झालं. १३७ आला तर ९ लागला. १२८ वजा केले की सिग्नल उरतो: १३० म्हणजे इंट, १४३ म्हणजे टर्म. कोणीही काही न मारता १३७ दिसला तर मेमरी संपून कर्नलनेच प्रोसेस उडवली असण्याची शक्यता दाट; 'डीमेसेज -टी' मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा.

क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेत) पीकिल -एफ लिहिताना मात्र सांभाळा. क्रॉन तुमची ओळ शेलला देतो, म्हणजे त्या शेलच्या कमांड लाइनमध्ये रिपोर्ट.पीवाय हा शब्द असतोच. 'पीकिल -एफ रिपोर्ट.पीवाय' नंतर त्याच ओळीत आणखी कमांड असतील तर पीकिल स्वतःला सोडतो, पण त्या शेलला मारतो, आणि पुढच्या कमांड कधीच चालत नाहीत. लॉगमध्ये चूकही दिसत नाही. एसएसएचवरून दूरच्या मशीनवर पाठवलेल्या कमांडचंही हेच होतं. पॅटर्नचं पहिलं अक्षर चौकटी कंसात टाका, म्हणजे रोमन आर कंसात आणि पुढचं नाव बाहेर. पॅटर्न तेच नाव शोधतो, पण शेलच्या ओळीत आता मध्ये कंस असल्यामुळे ती स्वतः जुळत नाही.